खुले अभयारण्य : टिरिटिरी माटांगी बेट आणि तेथील एक दिवसाचे निसर्गदर्शन

दुर्मिळ प्राण्यांचे रक्षण करावयाचे असेल तर त्यांच्या वसतिस्थानापासून मनुष्यास दूर ठेवावे, हा विचार इतका स्वाभाविक वाटतो की त्याची तपासणी करण्याची गरज सहसा कोणास भासत नाही. जगातील अनेक बेटांवर याच विचारानुसार प्रवेशबंदी आहे आणि पुष्कळ ठिकाणी ती योग्यही आहे. परंतु न्यूझीलंडमधील ऑकलंड शहराच्या उत्तरेस हाउराकी आखातात असे एक बेट आहे की ज्याच्या व्यवस्थेत हाच विचार जाणूनबुजून उलटा केला गेला. टिरिटिरी माटांगी हे त्याचे नाव. सकाळी फेरीबोटीने जावे, मार्गदर्शकाबरोबर रानातून फिरावे, पृथ्वीवर अन्यत्र क्वचितच दिसणारे पक्षी हाताच्या अंतरावरून पाहावेत आणि दुपारी परत यावे, असा तेथील परिपाठ आहे. ही सहल वरकरणी करमणुकीची वाटते. वस्तुतः ती एका दीर्घकालीन प्रयोगाचा अविभाज्य भाग आहे. तो प्रयोग कोणता, त्याची उभारणी कशी झाली आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. स्थान आणि पूर्वेतिहास

टिरिटिरी माटांगीचे क्षेत्रफळ सुमारे २२० हेक्टर आहे. ऑकलंडपासून ते अदमासे ३० किलोमीटरवर असून जवळच्या व्हांगापाराओआ द्वीपकल्पापासून त्याचे अंतर साडेतीन किलोमीटरच्या आसपास भरते. हे दुसरे अंतर वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावे. उंदीर, स्टोट यांसारखे शत्रुप्राणी पोहून सहजासहजी पार करू शकणार नाहीत इतके ते मोठे आहे, आणि बोटीने तासाभरात ओलांडता येईल इतके लहान आहे. पुढील सर्व इतिहास या एका भौगोलिक वस्तुस्थितीवर उभा आहे.

बेटाचे नाव माओरी भाषेतील असून वाऱ्यावर हेलकावणारे असा त्याचा अर्थ सांगतात. माओरी लोकांची वस्ती येथे पूर्वापार होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून युरोपीय वसाहतकारांनी येथे गुरेमेंढ्या चारण्यास प्रारंभ केला. १८६५ सालच्या १ जानेवारीस येथील दीपगृह प्रथम प्रज्वलित झाले. चराऊ शेतीचा हा क्रम १९७१ पर्यंत चालला. त्या वर्षी पट्ट्याची मुदत वाढवून न देता बेट हाउराकी आखाताच्या सागरी उद्यानात समाविष्ट करण्यात आले. तोपर्यंत मूळच्या अरण्याचा अवघा ६ टक्के भाग ओढ्यांच्या घळींतून कसाबसा टिकून राहिला होता. बाकी सर्व गवत.

चराई बंद झाली म्हणजे अरण्य आपोआप परत येईल, अशी अपेक्षा प्रथम होती. ती फलद्रूप झाली नाही. गुरे गेल्यावर गवत आणि नेचे इतके दाट माजले की त्यातून झाडांच्या रोपांना डोके वर काढता येईना. शिवाय, जी थोडी बीजे पडत त्यांवर उंदरांची धाड पडे. निसर्गास केवळ मोकळे सोडले की तो पूर्वपदावर येतो, या समजुतीस येथे पहिला धक्का बसला.

२. न्यूझीलंडच्या प्राणिसृष्टीवरील आघात

या बेटाचे महत्त्व कळण्यासाठी न्यूझीलंडच्या एकंदर प्राणिसृष्टीची थोडी पार्श्वभूमी सांगणे अवश्य आहे. मनुष्य तेथे पोहोचण्यापूर्वी त्या भूमीवर वटवाघळांखेरीज एकही भूचर सस्तन प्राणी नव्हता. जमिनीवरील भक्षकांचे भय नसल्यामुळे अनेक पक्ष्यांची उडण्याची शक्ती क्षीण झाली, कित्येकांची पूर्णतः लोपली. घरटी जमिनीवर अथवा जमिनीलगतच्या ढोलीत होऊ लागली. तेराव्या शतकाच्या सुमारास माओरी लोक आले, त्यांच्या होड्यांतून कुत्रा आणि किओरे नावाचा पॅसिफिक उंदीर आला. युरोपीयांच्या जहाजांतून आणखी दोन जातींचे उंदीर व मांजरे आली. सशांचा बंदोबस्त करण्यासाठी १८८० नंतरच्या दशकात स्टोट हा विझल-कुलातील चपळ मांसाहारी प्राणी मुद्दाम आणून सोडण्यात आला. ज्या पक्ष्यांस लाखो वर्षांत अशा शत्रूशी कधी गाठ पडली नव्हती त्यांचा बचाव होणे शक्यच नव्हते.

हिही नावाचा मधुभक्षी पक्षी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हाउटुरू या एकाच बेटावर उरला. उत्तर बेटावरील टिएके हा पाठीवर तांबूस खोगीर असल्यासारखा दिसणारा पक्षी टारांगा या एकाच बेटावर तगून राहिला. टाकाहे तर नामशेष झाला असेच मानले जात होते. १९४८ साली डॉ. जेफ्री ऑर्बेल यांनी दक्षिण बेटावरील मर्चिसन पर्वतात त्याचा पुन्हा शोध लावला. आपल्याकडील तळ्यांच्या काठी दिसणाऱ्या जांभळ्या पाणकोंबडीचा हा सगोत्र. परंतु देहाने अवजड, आणि उडण्यास सर्वस्वी असमर्थ.

एका जातीचे सर्व अस्तित्व एकाच बेटावर अवलंबून असणे किती धोक्याचे असते, हे १९६० नंतरच्या दशकात दक्षिणेकडील टाउकिहेपा बेटावर दिसून आले. तेथे जहाजी उंदरांचा शिरकाव झाला आणि थोड्याच वर्षांत काही प्राण्यांच्या जाती कायमच्या नाहीशा झाल्या. १९६४ साली दक्षिणेकडील टिएके पक्षी पकडून उंदीरविरहित बेटांवर हलविण्यात आले म्हणूनच ती जात वाचली. या अनुभवाने दोन गोष्टी सिद्ध केल्या. उंदीर हा गौण उपद्रव नसून जातिनाशास पुरेसे कारण आहे. आणि पक्ष्यांचे एका बेटावरून दुसऱ्या बेटावर स्थानांतरण करणे शक्य आहे. परंतु स्थानांतरणासाठी सुरक्षित जागा हवी, आणि अशा जागा फारच थोड्या होत्या.

३. खुल्या अभयारण्याची योजना

ऑकलंड विद्यापीठातील जॉन क्रेग व नील मिचेल या शास्त्रज्ञांनी टिरिटिरीसाठी जी योजना पुढे मांडली तिचे वैशिष्ट्य या पार्श्वभूमीवर स्पष्ट होते. बेटावर झाडे लावावीत, त्यांत दुर्मिळ प्राणी आणून सोडावेत, इथपर्यंतचा भाग त्या काळीही अपूर्व नव्हता. हे सर्व सामान्य जनतेच्या हातांनी व्हावे आणि जनतेस बेट खुले राहावे, हा भाग मात्र नवा होता. हाउटुरूसारख्या बेटावर आजही परवान्यावाचून उतरता येत नाही. ते योग्यच आहे, कारण तेथे मूळचे अरण्य आहे आणि गमावण्याजोगे फार आहे. टिरिटिरीवर गमावण्याजोगे जवळजवळ काहीच उरले नव्हते. म्हणूनच ते लोकांस खुले करण्याचा धोका पत्करता आला. उद्ध्वस्त भूमी ही येथे उणीव न ठरता संधी ठरली.

१९८४ साली दीपगृह स्वयंचलित झाले. तेथील अखेरचे दीपगृहरक्षक रे वॉल्टर हे बेट सोडून न जाता तेथेच राहिले आणि रोपवाटिकेची व्यवस्था त्यांनी अंगावर घेतली. बीजे शक्यतो बेटावरील उरल्यासुरल्या झाडांचीच जमविण्यात येत, जेणेकरून स्थानिक वाणाशी बाहेरचा वाण मिसळू नये. १९८४ ते १९९४ या दहा वर्षांत शाळकरी मुले, गिर्यारोहक मंडळे, निवृत्त गृहस्थ अशा हजारो स्वयंसेवकांनी बोटीने येऊन अडीच ते तीन लाख झाडे लावली. १९८८ साली या मंडळींची रीतसर संघटना स्थापन झाली. तीच आज सरकारी संरक्षण विभागाच्या सहकार्याने बेटाची जोपासना करते.

सर्व बेट झाडांनी झाकून टाकण्याचा हेतू मात्र नव्हता. सुमारे ६० टक्के भागावर वनीकरण करून उरलेला भाग गवताळ ठेवण्यात आला. टाकाहेसारखा पक्षी गवतावर जगतो. पुरातत्त्वीय अवशेष मुळांनी उखडले जाऊ नयेत ही दृष्टी होती. आणि पाहुण्यांस समुद्राचे दर्शन घडावे हाही विचार होता. वनरचनेच्या आराखड्यात प्रेक्षकाच्या दृष्टीस स्थान मिळाल्याचे हे उदाहरण उल्लेखनीय आहे.

४. उंदरांचे निर्मूलन आणि प्राण्यांचे आगमन

बेटावर सुदैवाने मांजरे अथवा स्टोट स्थिरावले नव्हते. उपद्रवी सस्तन प्राणी म्हणजे किओरे हा एकच उंदीर होता. १९९३ साली हेलिकॉप्टरमधून विषारी आमिष टाकून त्याचे संपूर्ण निर्मूलन करण्यात आले. निर्मूलन आणि नियंत्रण यांतील भेद येथे लक्षात घेणे अगत्याचे आहे. नियंत्रणात संख्या कमी होते व प्रयत्न थांबताच पुन्हा वाढते. निर्मूलनात शेवटची जोडीदेखील शिल्लक राहता कामा नये. पाण्याने वेढलेल्या भूमीवरच हे साध्य होते.

प्राण्यांचे आगमन एका क्रमाने झाले. किओरे असतानाही तग धरू शकणाऱ्या जाती आधी आल्या. काकारिकी नावाचे लाल टोपीचे पोपट १९७४ साली, टिएके १९८४ साली, टाकाहे १९९१ साली आणि उत्तर बेटावरील रॉबिन १९९२ साली सोडण्यात आले. निर्मूलनाच्या वर्षीच छोटे ठिपकेदार किवी आले. त्यानंतर १९९५ साली हिही आणि १९९७ साली कोकाको यांची भर पडली. २००३ साली ६० टुआटारा आणण्यात आले. टुआटारा दिसावयास सरड्यासारखा असला तरी सरडा नव्हे. ज्या सरीसृप-गणाची भरभराट वीस कोटी वर्षांपूर्वी होती त्याचा तो एकमेव जिवंत प्रतिनिधी होय. उंदीर त्याची अंडी व पिल्ले फस्त करतो. म्हणून उंदीर गेल्यावाचून त्यास येथे आणण्यात अर्थ नव्हता. वेटापुंगा हा अजस्र कीटकही याच कारणास्तव उशिरा, म्हणजे २०११ पासून, येथे आला.

५. एका दिवसाची फेरी

ऑकलंडच्या मध्यवर्ती धक्क्यावरून सकाळी सुटलेली बोट सुमारे सव्वा तासात बेटाच्या धक्क्यास लागते. येथे उतारूंचे लहान लहान गट पाडले जातात व प्रत्येक गटाबरोबर एक मार्गदर्शक दिला जातो. हे मार्गदर्शक स्वयंसेवक असतात. त्यांच्यासाठी आकारले जाणारे शुल्क बेटाच्या संवर्धनकार्याकडे जाते. म्हणजे प्रेक्षक जे पाहतो त्याच्या देखभालीचा काही भार तो त्याच दिवशी उचलतो.

वाट प्रथम किनाऱ्याने जाते. हॉब्स बीचच्या रस्त्यावर दगडी घरट्याच्या पेट्या बांधलेल्या असून त्यांचे झाकण उचलले असता काचेआड निळा लहान पेंग्विन दिसतो. अर्थात ऋतू विणीचा अथवा पिसे झडण्याचा असेल तर. इतर काळी हा पक्षी दिवसा समुद्रात असतो. पुढे जुन्या अरण्याच्या घळीत शिरले की आवाजाचा पालट जाणवतो. घंटापक्षी हा गोड गळ्याचा पक्षी या बेटावरून कधीच नाहीसा झाला नव्हता. त्यास बाहेरून आणावे लागले नाही. टिएके पानांचा कचरा उलथीत जमिनीलगत वावरतो आणि मनुष्य जवळ आला तरी दचकत नाही. त्याची ही निर्भयता पाहुण्यास मोहक वाटते; परंतु हीच वृत्ती मुख्य भूमीवर त्याच्या नाशास कारणीभूत झाली, हे मार्गदर्शकाने सांगितल्यावर त्याच दृश्याचा अर्थ पालटतो.

मार्गदर्शकाचे खरे कार्य येथेच दिसते. पक्ष्याचे नाव सांगणे हे त्यातील सर्वांत सोपे काम. पायात रंगीत कडी का आहेत, साखरपाण्याचे भांडे पिंजऱ्यासारख्या जाळीत का ठेवले आहे, झाडावर लाकडी पेटी का टांगली आहे, या प्रश्नांची उत्तरे तो देतो. हिही ढोलीत घरटे करतो आणि तीस-चाळीस वर्षांच्या कोवळ्या अरण्यात ढोली पडण्याइतकी वृद्ध झाडे नसतात, म्हणून पेट्या. फुलांचा मध वर्षभर पुरत नाही, म्हणून साखरपाणी. कड्यांच्या रंगावरून प्रत्येक पक्षी ओळखता येतो व त्याची वंशावळ नोंदली जाते. अशा रीतीने प्रेक्षकास कळून येते की आपण पाहत आहोत ते अस्पृष्ट रान नसून एक चालू असलेली प्रयोगशाळा आहे.

चढ संपल्यावर दीपगृहापाशी विसावा असतो. बेटावर अन्न विकत मिळत नाही. शिदोरी बरोबर आणावी व उरलेला केरकचरा परत न्यावा, असा दंडक आहे. माळावर पुष्कळदा टाकाहे चरताना आढळतो. १९४८ पूर्वी जो नामशेष समजला जात होता तो पक्षी सहलीच्या डब्याभोवती घुटमळताना पाहणे, हा कोणाही प्राणिशास्त्रज्ञास विचार करावयास लावणारा अनुभव होय.

दिवसाच्या फेरीची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. किवी हा निशाचर आहे. टुआटाराही मुख्यतः रात्रीच हिंडतो, क्वचित उन्हात पहुडलेला दिसतो. बेटावरील प्राणिजीवनाचा फार मोठा भाग शेवटची बोट सुटल्यानंतर जागा होतो. मोजक्या परवानगीप्राप्त पाहुण्यांसाठी तेथे रात्रीच्या मुक्कामाची सोय आहे. परंतु एका दिवसाच्या प्रवाशास अर्ध्या सृष्टीचेच दर्शन घडते.

६. धक्क्यावरील शिस्त

बोट हे जसे बेटाचे बळ तसेच त्याचे मर्मस्थान. साडेतीन किलोमीटरचा समुद्र उंदरास पोहून ओलांडता येत नाही. परंतु एखाद्या उघड्या पिशवीतून तो सुखेनैव येऊ शकतो. एक गाभण मादी पुरेशी आहे. म्हणून बोटीवर चढण्यापूर्वी पादत्राणे घासून स्वच्छ करावी लागतात, पिशव्या बंद असाव्या लागतात आणि त्यांत बीज, माती, मुंग्या अथवा प्राणी नाहीत याची प्रत्येकाने तपासणी करावी लागते. एका दिवशी उतरणाऱ्यांच्या संख्येवरही मर्यादा आहे.

ही भीती काल्पनिक नव्हे. २००० साली बेटावर आर्जेंटिनी मुंग्या आढळल्या. आकाराने क्षुद्र असल्या तरी या मुंग्या स्थानिक कीटकांचा फडशा पाडतात. त्यांचे उच्चाटन करण्यास अनेक वर्षांची चिकाटी लागली. उंदीर दिसतो, त्याच्या खुणा ओळखता येतात. मुंगी अथवा तणाचे बीज दिसत नाही. खुल्या अभयारण्याची किंमत ही अशी अखंड दक्षतेच्या रूपाने मोजावी लागते.

७. आक्षेप आणि मर्यादा

या प्रयोगावर घेता येण्याजोगे तीन आक्षेप विचारार्ह आहेत.

पहिला आक्षेप असा की, हे अरण्य कृत्रिम आहे. प्रारंभी पोहुटुकावा हे खारा वारा सोसणारे झाड मोठ्या प्रमाणावर व दाटीने लावले गेले. इतर वृक्षांस आसरा द्यावा हा त्याचा हेतू होता. परंतु काही ठिकाणी त्याची गर्द छाया इतरांस वाढूच देईना आणि विरळणी करण्याचा विचार करावा लागला. वनीकरणात वेग आणि विविधता यांचा नेहमीच मेळ बसत नाही, हा धडा त्यातून मिळाला.

दुसरा आक्षेप परावलंबनाचा. हिही पक्ष्यास साखरपाणी आणि पेट्या पुरविणे थांबविले तर त्याची संख्या टिकेल काय? शिवाय मूठभर आद्य पक्ष्यांपासून वाढलेल्या समूहात आप्तसंकराचा धोका असतोच. हिहीच्या वंशावळीचा काटेकोर अभ्यास याच कारणासाठी चालला आहे. २२० हेक्टरांचे बेट कोणत्याही जातीस अनंत काळ एकटे सांभाळू शकणार नाही.

तिसरा आक्षेप असा की, उंदीर गेले तरी उपरे सर्वच गेले नाहीत. यात मराठी वाचकास परिचित असे एक नाव आहे. आपल्या अंगणात बागडणारी साळुंकी १८७० नंतरच्या दशकात न्यूझीलंडमध्ये नेऊन सोडण्यात आली व उत्तर भागात तिने चांगलाच जम बसविला. आपल्याकडे निरुपद्रवी मानलेला हा पक्षी तेथे घरट्यांच्या जागांसाठी भांडतो व इतरांची अंडी-पिल्ले नष्ट करतो. पंख असलेल्यास समुद्राचा खंदक अडवीत नाही. एखादी जात उपकारक की अपकारक हे तिच्या अंगच्या गुणावर नव्हे तर स्थळावर अवलंबून असते, याचे याहून जवळचे उदाहरण आपणांस मिळणार नाही.

हे आक्षेप खरे असूनही प्रयोग फोल ठरत नाही. टिरिटिरीवर वाढलेले पक्षी इतरत्र नेऊन सोडले जातात. २००५ साली येथील हिही वेलिंग्टनजवळच्या कुंपणबंद करोरी अभयारण्यात गेले. याहून बोलके उदाहरण कोकाकोचे आहे. टारानाकी प्रदेशातील अखेरचा ज्ञात कोकाको १९९९ साली पकडून त्याची वीण करण्यात आली. त्याची संतती टिरिटिरीवर सांभाळली गेली आणि २०१७ साली त्या वंशाचे पक्षी टारानाकीतील पारिनिनिही अरण्यात परत सोडण्यात आले. जो वंश आपल्या मूळ भूमीवरून पुसला गेला होता तो या लहानशा बेटाच्या आश्रयाने पुन्हा स्वस्थानी पोहोचला. टिरिटिरी हे संग्रहालय नसून रोपवाटिका आहे, असे म्हणणे म्हणूनच सयुक्तिक ठरते; प्रथम झाडांची, पुढे पक्ष्यांची.

८. उपसंहार

मनुष्यास दूर ठेवणे हा संरक्षणाचा एक मार्ग आहे, एकमेव मार्ग नव्हे, हा या विवेचनाचा निष्कर्ष होय. कोणता मार्ग स्वीकारावा हे भूमीच्या स्थितीवरून ठरते. जेथे मूळ संपत्ती शाबूत आहे तेथे बंदी हितावह. जेथे ती नष्ट झाली आहे तेथे ती पुन्हा उभारण्यासाठी माणसांचे हात लागतात, आणि ज्या हातांनी झाड लावले त्यांना ते पाहण्याची मुभा नाकारणे न्याय्यही नाही, शहाणपणाचेही नाही. १९८४ साली आईबापांबरोबर रोप लावण्यास आलेली मुले आता आपल्या मुलांना घेऊन त्याच बोटीने येऊ शकतात. या पिढ्यांच्या साखळीवर बेटाची राखण अवलंबून आहे. कारण उंदीर येण्याचा धोका कधीच संपणारा नाही.

परिस्थितिविज्ञानाच्या विद्यार्थ्यास येथे पुढील अभ्यासासाठी पुष्कळ प्रश्न उपलब्ध आहेत. कोवळे अरण्य प्रौढ होताना पक्षिसमूहाची रचना कशी पालटते? कृत्रिम अन्न कोणत्या टप्प्यावर कमी करता येईल? दररोज वाटेवरून जाणाऱ्या माणसांचा घरट्यांच्या यशावर काय परिणाम होतो? आणि सर्वांत कठीण प्रश्न : एक दिवस बेट पाहून परतलेला मनुष्य पुढे निसर्गाशी कसा वागतो? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे पक्ष्यांच्या कड्यांवरून व नोंदवह्यांवरून मिळतील. चौथ्याचे उत्तर शोधण्याची पद्धत प्राणिशास्त्राने व समाजशास्त्राने मिळून बसवावी लागेल. आणि खुल्या अभयारण्याची मूळ कल्पना खरी की खोटी, हे अखेर त्याच उत्तरावर ठरेल.